लाकडाची तोफ फुटत कशी नाही?

प्रश्न : रामशेज किल्ल्यावर मराठ्यांनी लाकडाच्या तोफा करून मुघलांना रोखलं, असं लहानपणापासून ऐकत आलो. आता मुलगी विचारते, लाकडात दारू पेटवली तर लाकूड जळेल नाहीतर फुटेल. मग गोळा बाहेर जाईल कसा? ही गोष्ट खरी की रंगवलेली? आणि खरी असेल, तर तिकडे देवळालीच्या तोफखाना शाळेत एवढ्या महागड्या पोलादी तोफा कशाला लागतात?
– एक वाचक, म्हसरूळ, नाशिक

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे. लाकडी तोफेची गोष्ट ऐकून मान डोलावणारे पुष्कळ भेटतात, ‘पण ती फुटेल ना?’ असं विचारणारे थोडे. तुमच्या पत्रात खरं तर तीन प्रश्न आहेत. तोफ होती का? होती तर फुटली का नाही? आणि नाही फुटली, तर पुढे पोलादाची गरज का पडली? याच क्रमाने जाऊ.

आधी पुराव्याचं. रामशेज हा नाशिकहून पेठ रस्त्याने निघालं की 15 किलोमीटरच्या आत लागणारा, आशेवाडीच्या माथ्यावरचा किल्ला. भोवतालच्या डोंगरांच्या मानाने तो बुटकाच. औरंगजेब दक्षिणेत उतरल्यावर 1682 मध्ये त्याने शहाबुद्दीन खानाला या किल्ल्यावर धाडलं. हाच पुढे गाजीउद्दीन फिरोजजंग म्हणून ओळखला गेला. हैदराबादच्या पहिल्या निजामाचा हा बाप. किल्ला चार दिवसांत पडेल असं वाटत होतं, तो पडला नाही. सुरुंग झाले, लाकडाचे उंच दमदमे, म्हणजे माऱ्यासाठीचे मनोरे, झाले. खान हटला, त्याच्या जागी बहादूरखान कोकलताश आला, त्यालाही यश आलं नाही. लाकडी तोफांचा उल्लेख आपल्याकडच्या एखाद्या पोवाड्यातला असेल असं पुष्कळांना वाटतं. तो आहे खाफीखान या मुघल इतिहासकाराचा. किल्ल्यात लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा मराठ्यांनी लाकडं पोखरून, त्यांवर कातडं चढवून तोफा केल्या, आणि त्यातली एकेक दहा तोफांचं काम करत होती, असं तो सांगतो. त्याने हे घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलं, त्यामुळे ‘दहा तोफांचं काम’ हे अक्षरशः घेऊ नये. पण शत्रूच्या बाजूचा लेखक आपल्या फौजेची फजिती उगाच कशाला फुगवील? तोफा होत्या, एवढं धरून चालायला हरकत नाही.

आता फुटण्याचं. तोफेत दारूचा ‘स्फोट’ होतो असं आपण सहज बोलतो. ते नेमकं नाही. तोफेची काळी दारू म्हणजे साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. तिचा एकदम स्फोट होत नाही, ती कण कण पृष्ठभागावरून पेटत जाते, पण फार झपाट्याने. जळताना तप्त वायू होतो आणि त्याला पसरायला जागा हवी असते. मागे बंद, बाजूला भिंत, पुढे गोळा. या तिघांत सहज हलणारा गोळाच, म्हणून तो निघतो. तोफ म्हणजे मुळात एवढंच : गोळा तोंडातून बाहेर पडेपर्यंत दाब कोंडून धरणारी नळी. ती लाकडाची असो, काशाची असो की पोलादाची, प्रश्न एकच असतो. किती दाब, किती वेळ?

जळण्याची भीती मुलीला वाटली, तिचं उत्तर या ‘किती वेळ’मध्ये आहे. गोळा नळीतून सुटायला सेकंदाचा लहानसा अंश पुरतो. तेवढ्यात लाकडाचा आतला पातळ थर काळा पडतो, करपतो; ओंडका पेट घेत नाही. प्रत्येक बाराला मात्र थोडं थोडं लाकूड खरवडून जातं, नळी सैल होत जाते आणि आत बारीक चिरा पडतात. म्हणून लाकडी तोफेचं आयुष्य फार थोडं. ती कायमची ठेवायची वस्तूच नव्हती.

जळण्यापेक्षा फुटण्याचा धोका मोठा, आणि तो एका ठरावीक दिशेने येतो. नळीत दाब चढला की भिंत घेराच्या दिशेने ताणली जाते. लांबीच्या दिशेने पडणारा ताण याच्या साधारण निम्माच असतो. त्यामुळे नळी फाटते ती उभी, टोकापासून टोकापर्यंत. लाकडाचं दुर्दैव असं की तेही उभंच फाटतं. कुऱ्हाडीने ओंडका चिरणाऱ्याला हे सांगायला नको. धाग्यांच्या लांबीने ओढलं तर लाकूड दाद देत नाही, पण धागे एकमेकांपासून विलग करायला फार जोर लागत नाही. म्हणजे तोफ जिथे सर्वांत जास्त ताणली जाते, नेमकं तिथेच लाकूड सर्वांत दुबळं. नुसता पोखरलेला ओंडका पहिल्या-दुसऱ्या बारालाच चिरला जाईल. तुमची मुलगी इथपर्यंत बरोबर आहे.

कातड्याचं महत्त्व इथे आहे. पुष्कळांचा समज असा की कातडं आग लागू नये म्हणून किंवा तोफ लोखंडाची वाटावी म्हणून चढवलं असेल. त्याचं खरं काम घेर धरण्याचं. ओलं कच्चं कातडं पट्ट्या काढून ओंडक्याभोवती घट्ट गुंडाळलं, की वाळताना ते आकसतं आणि टणक होतं. आतलं लाकूड त्यामुळे बार काढण्याआधीच चहूबाजूंनी दाबलं जातं. बार निघतो तेव्हा वायूला आधी हा दाब रिता करावा लागतो, मग कुठे लाकडाच्या धाग्यांवर ताण येतो. घेराचा भार कातड्यावर आणि लांबीचा भार लाकडावर अशी वाटणी होते. ही युक्ती लक्षात ठेवा. देवळालीला पोचल्यावर ती पुन्हा लागणार आहे.

तरीही या तोफेकडून कोणी फार मागत नव्हतं, हे महत्त्वाचं. लांबच्या तटाला भगदाड पाडायचं तर जड गोळा वेगाने फेकावा लागतो, त्यासाठी भरपूर दारू आणि मोठा दाब हवा. ते वेढा घालणाऱ्याचं काम. वर बसलेल्याचं काम वेगळं. शत्रू उतारावरून चढत येतो, दाटीने येतो, दमदमाही माऱ्याच्या टप्प्यात उभा करावा लागतो. अशा वेळी थोडी दारू, वर गोटे आणि दगडाच्या कपच्या भरून खाली तोंड केलेली तोफ शंभर-दोनशे पावलांवर पुरेशी घातक ठरते. सुट्या गोट्यांच्या फटींतून वायू निसटतो, त्यामुळे दाबही फार चढत नाही. शिवाय चढवायला हलकी. मोडली तर दुसरा ओंडका पोखरायचा.

असा खटाटोप फक्त आपल्याकडे झाला असंही नाही. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फस याच्या सैन्याने 1620 च्या दशकात ‘चामड्याच्या तोफा’ वापरल्या. आत तांब्याची पातळ नळी, वर दोर आणि लाकडाच्या पट्ट्या, सर्वांत बाहेर चामडं. ओढायला हलक्या होत्या, पण एवढ्या वेष्टनांतून उष्णता बाहेर पडेना, नळ्या तापून निकामी होऊ लागल्या, आणि त्या लवकरच बाद झाल्या. 1876 मध्ये बल्गेरियातल्या लोकांनी तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला तेव्हा चेरीच्या झाडांची खोडं पोखरून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून तोफा केल्या. तुर्की तोफखान्यापुढे त्यांचा निभाव लागला नाही. तिन्ही ठिकाणी मुद्दा सारखाच : लाकूड-चामडं अडचणीला उपयोगी पडतं, मैदान मारायला नाही.

मग धातू. आपल्या किल्ल्यांवर धातूच्या तोफा मुख्यतः दोन तऱ्हांच्या दिसतात. एक ओतीव काशाची, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रणाची. विजापूरची प्रसिद्ध ‘मुलुख-ए-मैदान’ अशीच. ती विजापूरला झाली असा समज आहे, पण ती ओतली गेली 1549 मध्ये आपल्या शेजारच्या अहमदनगरला, मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिराकडून. वजन सुमारे 55 टन. कासं महाग, पण चिवट. जास्त दाब आला तर ते आधी फुगतं, एकदम तुकडे होऊन उडत नाही. गोलंदाजाला इशारा तरी मिळतो. दुसरी तऱ्हा घडीव लोखंडाची. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना लावून नळी करायची आणि वरून लोखंडाची कडी ओळीने चढवायची. लांबीला पट्ट्या, घेराला कडी. रामशेजच्या तोफेतली लाकूड-कातड्याची वाटणी इथे लोखंडात दिसते.

नळी जितकी बारीक, तितकी ती सांभाळायला सोपी, हेही याच हिशेबात येतं. भिंत फाडू पाहणारा जोर दाबाइतकाच नळीच्या रुंदीवर अवलंबून असतो. म्हणून लहान तोंडाच्या तोफा पातळ भिंतीच्या आणि हलक्या करता येतात. आपल्याकडे उंटाच्या पाठीवरची सुतरनाळ याच कारणाने शक्य झाली. तिकडे मलय द्वीपसमूहातले दर्यावर्दी ‘लेला’ आणि ‘रेन्ताका’ नावाच्या काशाच्या छोट्या तोफा होडीच्या काठावर फिरत्या खुंटीवर बसवत. 

आता कोणीही म्हणेल, जास्त दाब हवा तर भिंत जाड करा, संपलं. इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. भिंत जाड केली म्हणून ताण सगळ्या जाडीत सारखा वाटला जात नाही. वायूला चिकटून असलेला आतला थर सर्वांत जास्त ताणला जातो, बाहेरचे थर जवळजवळ आरामात असतात. आतल्या थरावरचा ताण दाबापेक्षा कधीच कमी होत नाही. म्हणून एका मर्यादेनंतर भिंत हातभर जाड केली तरी आतून ती चिरतेच. वजन तेवढं वाढतं.

यावर तोड निघाली ती बाहेरच्या थरांना कामाला जुंपण्याची. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना पाहिलं असेल तर ही तोड लगेच कळेल : धाव तापवून मोठी करायची, चाकावर घालायची, वर पाणी ओतायचं, थंड होताना ती आकसते आणि सगळं चाक आवळून टाकते. 1850 च्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम आर्मस्ट्राँगने तोफेच्या नळीवर तापलेल्या लोखंडी नळ्या याच रीतीने चढवल्या. आतला थर आधीच दाबलेला, बाहेरचा आधीच ताणलेला. बार निघाला की दोघे मिळून भार घेतात.

आजच्या पोलादी नळीत तर वेगळं कडंही बहुधा लागत नाही. नळी तयार करतानाच आतून तिच्यात प्रचंड दाब देतात, इतका की आतला थर कायमचा किंचित फुगतो. दाब काढला की बाहेरचा थर मूळ मापावर येऊ पाहतो आणि फुगलेल्या आतल्या थराला आवळून धरतो. एकाच पोलादात आतलं आणि बाहेरचं अशी वाटणी झाली. कातडं वाळून ओंडक्याला आवळतं त्यामागचा नियम आणि हा नियम एकच आहे. फरक आकड्यांचा आहे, आणि तो थोडाथोडका नाही.

तो फरक आता देवळालीत पाहू. तिथल्या तोफखाना शाळेत भारतीय सैन्याचे गोलंदाज तयार होतात. 9 नोव्हेंबर 2018 रोजी तेव्हाच्या संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या उपस्थितीत देवळालीलाच दोन नव्या तोफा सैन्यात दाखल झाल्या : अमेरिकेकडून घेतलेली एम-777 आणि कोरियन आराखड्यावरून गुजरातेत हजिरा येथे तयार झालेली के-9 वज्र. त्याआधीची बोफोर्स 1986 च्या करारातली, आणि तिच्या आराखड्यावरून जबलपूरला तयार झालेली धनुष 2019 पासूनची. या चौघींच्या तोंडाचा व्यास एकच, 155 मिलिमीटर. गोळा 43 ते 45 किलोचा. तोंडातून निघताना त्याचा वेग सेकंदाला 800 मीटरहून अधिक, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या दुपटीहून जास्त. त्यासाठी नळीत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तीन हजार पटींहून जास्त दाब चढतो. नुसतं लाकूड यातल्या शंभराव्या हिश्श्यालाही पुरं पडत नाही.

काळी दारूही आता उरली नाही. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू शोधली, तिचेच वंशज आज वापरात आहेत. तिचे दाणे अशा आकाराचे करता येतात की दाब एकदम चढून एकदम न कोसळता गोळ्याला जास्त वेळ रेटत राहील. रेटायला वेळ मिळायचा तर नळी लांब हवी. तोफेच्या नावापुढे 39, 45, 52 असे आकडे लिहिलेले असतात, ते या लांबीचे. पुष्कळांना तो पल्ला किंवा मॉडेलचा क्रमांक वाटतो. एम-777 आणि बोफोर्सची नळी व्यासाच्या 39 पट, म्हणजे सुमारे 6 मीटर. धनुषची 45 पट, जवळपास 7 मीटर. वज्रची 52 पट, म्हणजे 8 मीटरच्या थोडी वर. लांबी वाढली की पल्ला वाढतो. 39 च्या तोफेचा साधा गोळा 24 किलोमीटरच्या आसपास जातो, 52 ची त्याहून पुढे मारते.

एम-777 ‘टायटॅनियमची तोफ’ म्हणून ओळखली जाते, तेही अर्धंच खरं. टायटॅनियम आहे ते गाड्यात आणि सांगाड्यात. दाब सोसणारी नळी पोलादाचीच. एवढ्यानेही वजन सव्वाचार टनांच्या आसपास आलं. बोफोर्स साधारण 12 टनांची. हलकेपणाचा हट्ट यासाठी की ती हेलिकॉप्टरखाली टांगून डोंगरावर नेता यावी. डोंगरी लढाईत तोफ वर कशी न्यायची हा प्रश्न 1682 मध्ये होता, तो आजही सुटलेला नाही. फक्त त्याचं उत्तर महाग झालं आहे.

आणखी एक खर्च डोळ्यांना दिसत नाही. रामशेजवरच्या गोलंदाजाला शत्रू दिसत होता. आजच्या गोलंदाजाला लक्ष्य बहुधा दिसतच नाही, ते डोंगरापलीकडे 20-25 किलोमीटरवर असतं. पुढे बसलेला निरीक्षक ते पाहून कळवतो. मग वारा, हवेचा दाब आणि तापमान, दारूचं तापमान, नळी किती झिजली आहे, या सगळ्याचा हिशेब करून तोफेचा कोन ठरतो. गोळा अर्ध्या मिनिटाहून जास्त काळ हवेत असतो, तेवढ्या वेळात वारा त्याला बराच बाजूला ढकलू शकतो. देवळालीत शिकवतात त्याचा मोठा भाग हा हिशेबाचा आहे.

जाता जाता आवाजाचं. ‘आज मोठी तोफ चालू आहे’ असा निष्कर्ष देवळालीच्या सरावाने हादरणाऱ्या खिडक्यांच्या तावदानांवरून काढू नका. हिवाळ्यातल्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. अशा वेळी वर गेलेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि एरवी पोचणार नाही इतक्या लांब पोचतो. दुपारी तीच तोफ, तेवढीच दारू, आणि शेजारच्या पेठेत पत्ताही लागत नाही. आवाजावरून हवा कळते, तोफ कळत नाही.

तेव्हा मुलीला सांगा : तिची शंका नुसत्या लाकडाच्या बाबतीत खरी, आवळलेल्या लाकडाच्या बाबतीत नाही. रामशेजची तोफ थोडा दाब, थोडे बार आणि जवळचा शत्रू एवढ्यासाठी होती, आणि तेवढ्याला ती पुरली. देवळालीची तोफ हवेच्या हजारो पट दाब, शेकडो बार आणि न दिसणारं लक्ष्य यासाठी आहे. मात्र हे समजलं म्हणून कोणी पाइप आणि फटाक्यांची दारू घेऊन पडताळा पाहू नये. आवळणी किती पुरेल हे घरच्या पाइपावर लिहिलेलं नसतं, आणि लोखंड फुटलं तर लाकडाहून वाईट फुटतं.

पडताळाच पाहायचा तर दौलताबाद किंवा जंजिऱ्याला गेल्यावर तोफेजवळ दोन मिनिटं थांबा. तोंडाकडून मागे जाताना भिंत जाड होत गेलेली दिसेल. दारू मागे पेटते आणि दाब तिथेच सर्वाधिक असतो, म्हणून. अंगावर ओळीने कडी दिसली तर ती घडीव, अंग सलग गुळगुळीत आणि नक्षीदार असेल तर बहुधा ओतीव. मागच्या बाजूला वर एक बारीक भोक सापडेल. तो तोफेचा कान. तिथे रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, भरून बत्ती देत. कानात खिळा ठोकलेला आढळला, तर ती तोफ फुटली म्हणून बाद झाली नव्हती. ती धडधाकट होती, म्हणूनच कोणीतरी ती दुसऱ्याच्या कामी येऊ नये याची तजवीज केली होती.